नकाशा सगळ्यात शेवटी उघडा

सीमांचा अभ्यास मी उलट्या टोकाकडून सुरू केला होता. आजचा नकाशा पसरायचा, रेष बघायची आणि ती कुणी ओढली ते शोधायचं. इराक-सीरियाची सीमा ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातल्या १९१६ च्या सायक्स-पिको करारात ठरली, असं मी एका निबंधात बिनधास्त ठोकून दिलं. सरांनी नकाशावर मोसुल शहराभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, ‘मग हे कुठे होतं?’ त्या करारात मोसुल फ्रेंचांच्या प्रभावक्षेत्रात होतं. आज ते इराकमध्ये आहे. मधल्या दहा वर्षांच्या वाटाघाटी मी वाचल्याच नव्हत्या.

आता मी एकच सीमा घेतो, तीही जमल्यास एखादा तुकडा. मग तीन गोष्टी वेगवेगळ्या जमवतो: तहाचा मजकूर, सोबतचा नकाशा आणि जमिनीत पुरलेले खांब. तिन्ही क्वचितच जुळतात. जिथे जुळत नाहीत, तिथेच ठाण मांडायचं.

मजकूर वाचताना नामांवर बोट ठेवा. १६५९ च्या पिरेनीज तहानंतर स्पेनने सरदान्या खोऱ्यातली ३३ गावं फ्रान्सला द्यायची ठरली. त्याच खोऱ्यातल्या यीव्हियाला मात्र नगराचा दर्जा होता आणि द्यायची होती ती ‘गावं’. म्हणून यीव्हिया स्पेनकडे राहिलं, आणि आजही चहूबाजूंनी फ्रान्सने वेढलेलं आहे. भाषांतरात गाव आणि नगर सहज एक होऊन जातात, तेव्हा मूळ भाषेतला शब्द शब्दकोश घेऊन का होईना, पण बघाच.

नकाशाचं प्रकरण जास्त गमतीचं आहे. प्रेआ विहिअर हे डोंगरकड्यावरचं मंदिर घ्या. सयाम (म्हणजे आजचं थायलंड) आणि तेव्हा कंबोडियावर अंमल असलेला फ्रान्स यांच्या १९०४ च्या तहात इथली सीमा पाणलोटाच्या रेषेने, म्हणजे पावसाचं पाणी जिथून दोन बाजूंना वाहतं त्या रेषेने, जाईल असं लिहिलं होतं. नकाशा काढला फ्रेंच अधिकाऱ्यांनी, १९०७ च्या सुमारास, आणि त्यात मंदिर कंबोडियाच्या बाजूला पडलं. पाणलोटाची रेष खरोखर तशी जाते का, यावर पुढे थायलंड भांडलं. पण आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये कंबोडियाच्या बाजूने निकाल देताना वेगळाच धागा पकडला: नकाशा मिळाल्यावर सयाम गप्प का बसलं? १९३० मध्ये सयामचे राजपुत्र दामरोंग मंदिर बघायला गेले, तेव्हा फ्रेंच झेंडा लावून फ्रेंच अधिकारी त्यांच्या स्वागताला उभा होता. तेव्हाही सयामने निषेध नोंदवला नाही. हे वाचल्यापासून माझ्या टिपणवहीत ‘हरकत कुणी, कधी घेतली’ असा एक रकाना असतो. तो रिकामा राहिला तर जास्त लक्ष देतो.

खांबांकडे फार कुणी वळत नाही. अमेरिका-कॅनडा सीमेचा पश्चिमेकडचा भाग ४९ व्या अक्षवृत्तावर आहे असं आपण म्हणतो. मोजणीदारांनी ताऱ्यांच्या आधारे जागा ठरवल्या खऱ्या, पण डोंगरांच्या ओढीने ओळंबासुद्धा किंचित कलतो. त्यामुळे खांब कुठे अक्षवृत्ताच्या उत्तरेला गेले, कुठे दक्षिणेला. कायद्याने सीमा खांबांची, अक्षवृत्ताची नव्हे. मोजणी पथकांचे अहवाल मिळाले तर सोडू नका; तहापेक्षा वाचनीय असतात.

तारखा दिवसासकट लिहा. भारत-पाकिस्तान सीमा ठरवणारा रॅडक्लिफ निवाडा १७ ऑगस्ट १९४७ ला जाहीर झाला, म्हणजे दोन्ही देश स्वतंत्र झाल्यानंतर. नुसतं ‘ऑगस्ट १९४७’ लिहिलंत तर हे हातातून निसटतं.

आणि ‘नैसर्गिक सीमा’ हा शब्द दिसला की जरा थांबा. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीने १८६४ च्या पुरात पात्र बदललं. त्यावरून झालेला चामिसाल या जमिनीच्या तुकड्याचा वाद मेक्सिको आणि अमेरिकेने १९६३ च्या तहाने मिटवला. नदी निसर्गाची असेल, पण ती हद्द धरायची हे माणसांनीच ठरवलेलं असतं.

एवढं झालं की आजचा नकाशा काढा. जुनी रेष ट्रेसिंग पेपरवर उतरवून त्यावर ठेवा आणि दोन रेषा जिथे एकमेकींना सोडतात तिथे पेन्सिलीने गोल करा. पुढचं वाचन त्या गोलापासून.