दूध-तुपाविना बाहेर खाण्याची तयारी

दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर आणि मध यांपैकी काहीही न घेणाऱ्या माणसाचे घराबाहेर हाल होतात, असा समज अजून बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पिठले, भरली वांगी, कोथिंबीर वडी, सोलकढी हे आपले नेहमीचे पदार्थ मुळातच दुधावाचून होतात. दुधाचा अंश बहुतेक वेळा सर्वांत शेवटी, वाढताना येतो: वरणावर तूप, थालीपिठावर लोणी, पावाला बटर. म्हणून असा व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीही नसलेला, आहार सोयीचा व्हावा असे वाटत असेल, तर वाढणाऱ्याचा चमचा ताटापर्यंत येण्याआधी काय सांगायचे आणि आदल्या रात्री घरी काय करून ठेवायचे, या दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात.

सर्वांत आधी ब-१२ जीवनसत्त्वाची सोय करावी आणि त्यात चालढकल करू नये. वनस्पतिजन्य आहारातून ते भरवशाने मिळत नाही. इडलीचे पीठ आंबवलेले असते किंवा स्पिरुलिना (एक निळे-हिरवे शेवाळ) घेतो म्हणून गरज भागली, असे मानणे चुकीचे आहे. डॉक्टरांना विचारून गोळीची मात्रा ठरवावी, रक्ततपासणी करून घ्यावी, आणि गोळीचे पाकीट रोज नजरेस पडेल अशा ठिकाणी, पोह्यांच्या डब्याशेजारी, ठेवावे.

शनिवारी रात्री मटकी आणि शेंगदाणे वेगवेगळे भिजत घालावेत. रविवारी मटकी उपसून फडक्यात बांधली की सोमवार-मंगळवारच्या डब्याची उसळ निघते. शेंगदाण्यांचे दही लावण्यासाठी एक वाटी भिजलेले दाणे साधारण तीन वाट्या पाण्यात अगदी बारीक वाटावेत, पातळ कापडातून पिळून घ्यावेत आणि ते दूध सतत ढवळत उकळावे, कारण ते तळाला लगेच लागते. बोट सहज बुडवता येईल इतके कोमट झाले की त्यात हिरव्या मिरचीचे तीन-चार देठ सोडून झाकून ठेवावे. पहिले दही जरा सैल लागते. मात्र त्यातलाच चमचाभर विरजण म्हणून वापरला की पुढचे घट्ट बसते, आणि कोशिंबीर व ताक दोन्हींची सोय होते. गाळून उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात मळावा. जवस, तीळ आणि कारळे यांच्या कोरड्या चटण्या एकदा कुटून ठेवल्या की पंधरा दिवस पुरतात. कॅल्शियमसाठी आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणी पोटात जाईल असे पाहावे. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. सोया दूध चहात घालायचे असल्यास ते वेगळे गरम करून चहा उतरवल्यावर मिसळावे, एकत्र उकळल्यास फाटते.

पाकीटबंद वस्तू घेताना हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये, कारण भारतात तो ठिपका दुधाच्या पदार्थांनाही लागतो. २०२२ च्या नियमांनुसार व्हीगन पदार्थांसाठी वेगळे चिन्ह आहे, हिरव्या रंगातले व्ही अक्षर आणि त्याला फुटलेले पान. ते दिसले नाही तर घटकांची यादी वाचावी आणि मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, लॅक्टोज हे दुधातल्या घटकांचे शब्द शोधावेत. बिस्किटे, तयार सूप, मसालेदार वेफर्स यांत ते अनपेक्षितपणे सापडतात.

पिशवीत फुटाणे, खजूर, भडंग आणि एक लिंबू कायम असावे. उसळीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह शरीराला अधिक लागू पडते. लांबच्या प्रवासाला आई-आजी दशमी बांधून देतात, पण तिचे पीठ दुधात मळलेले असते आणि धपाट्यांत पुष्कळदा दही असते, तेव्हा नारळाच्या दुधात किंवा नुसत्या पाण्यात मळायला आधीच सांगून ठेवावे. रेल्वेतल्या शाकाहारी थाळीत दही किंवा पनीर बहुधा येतेच, म्हणून एका जेवणाची भाकरी-चटणी बरोबर असलेली बरी.

बाहेर खाताना सांगण्याची वेळ फार महत्त्वाची असते. डोसेवाला तव्यावर पाणी शिंपडतो, पीठ फिरवतो आणि दुसऱ्या हाताने बटरचा तुकडा टाकून मोकळा होतो. हे सगळे काही सेकंदांत घडते. ‘बटर, तूप काही नको, तेल लावा’ हे वाक्य पैसे देतानाच बोलावे आणि पीठ पडण्याआधी तव्याजवळ जाऊन पुन्हा एकदा म्हणावे. महामार्गावरच्या एका हॉटेलात मी हे थालीपिठाच्या बाबतीत विसरलो होतो. गरम थालीपीठ समोर आले तेव्हा मधोमध लोण्याचा गोळा वितळून कडेपर्यंत पोहोचला होता, आणि ते परत पाठवताना अन्न वाया घालवल्याची टोचणी लागली ती वेगळीच. रवा डोशात ताक, ढोकळ्यात आणि नानच्या पिठात दही असू शकते. साबुदाण्याची खिचडी बहुधा तुपावर परतलेली असते. डाळ घेताना तेलाची फोडणी मागावी आणि तंदुरी रोटी कोरी सांगावी.

वडापाव बहुतेक ठिकाणी चालतो, फक्त पाव बटरवर भाजू नये असे सांगावे आणि पावात दूधपावडर आहे का, हे नेहमीच्या बेकरीत एकदा विचारून घ्यावे. पण चालतो म्हणून रोज खावा असे मुळीच नाही. मैदा, बटाटा आणि तळण यांनी पोट भरते, पोषण होत नाही. भूक तीच आणि पैसेही जवळपास तेवढेच असतील, तर इडली-सांबार, उकडलेल्या शेंगा, कांदा-टोमॅटो जास्त आणि शेव कमी घातलेली ओली भेळ, किंवा फरसाण बाजूला ठेवून घेतलेली मिसळ यांतले काहीतरी निवडावे. बर्गर घ्यायचाच असेल तर चीज आणि मेयोनीज दोन्ही काढायला सांगावे, कारण बिनअंड्याच्या मेयोनीजमध्येही पुष्कळदा दुधाची पावडर असते. पिझ्झा चीजशिवाय, भाज्या वाढवून मिळतो. बेसमध्ये दूध आहे का, ते मात्र विचारावे लागते.

लग्नकार्याला जाताना यजमानांना दोन दिवस आधी कळवावे. पंगतीत बसल्यावर सांगितले तर वाढणाऱ्यांची अकारण धावपळ होते. मसालेभात वरचे तूप न घालता, बटाट्याची भाजी, पुरी, पापड आणि लोणचे एवढ्यात जेवण व्यवस्थित होते. सणाला कोणाकडे जायचे असेल तर स्वतः एक गोड पदार्थ न्यावा. सिंधुदुर्गातले शिरवाळे यासाठी उत्तम आहेत: तांदळाच्या उकडीच्या गरम शेवया आणि गूळ-वेलदोडा घातलेले नारळाचे दूध. दूध डब्यात वेगळे न्यावे आणि शेवयांवर खायच्या वेळीच ओतावे.