'पूर्ण मनाने' म्हणजे नेमके कसे?

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात ६:५ मध्ये (सहावा अध्याय, पाचवे वचन) देवावर प्रीती कशाने करायची हे सांगताना तीन गोष्टी येतात: अंतःकरण, जीव आणि शक्ती. मार्क १२:३० मध्ये येशू हीच आज्ञा उच्चारतो तेव्हा चौथी येते, मन, म्हणजे विचार करणारी बुद्धी. इब्री भाषेत विचारसुद्धा अंतःकरणातच होतो, त्यामुळे आज्ञेत आधीपासून होते तेच येशूने उघड करून सांगितले. गंमत अशी की मंडळीत गायला, द्यायला, उपास करायला शिकवतात. विचार कसा करायचा ते मात्र ज्याचे त्याने पाहायचे.

खालची पद्धत रोजच्या अर्ध्या तासाची आहे. बायबल, वही आणि पेन एवढे पुरे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. बायबल फोनवरच वाचत असाल तर निदान नोटिफिकेशन बंद करावीत.

आधी अख्खे पत्र, मग वचन

अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या करारातल्या वचनांचे आकडे १५५१ सालचे. मूळ लेखकांनी यातले काहीच घातले नव्हते. म्हणून आकडा बदलला की विचार बदलला, असे धरून चालू नये. १ करिंथ ११:१ हे वचन अर्थाने पाहिले तर दहाव्या अध्यायाचा शेवट आहे.

सुरुवातीला फिलिप्पैकरांस पत्र घ्या, म्हणजे प्रेषित पौलाने बंधनात असताना फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिलेले पत्र. चार अध्याय, १०४ वचने. मोठ्याने वाचले तर पंधरा-वीस मिनिटे लागतात. सलग सात दिवस हेच पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा आणि रोज वहीत एकच ओळ लिहा: पौल हे या लोकांना का सांगतो आहे? तिसऱ्या-चौथ्या दिवशी कंटाळा येतो. तिथे सोडू नका, कारण शब्द पुन्हापुन्हा येतात ते त्यानंतरच दिसू लागते. बंधनात असलेला माणूस आनंदाविषयी इतक्यांदा लिहितो, हे एकदा वाचून नजरेत भरत नाही.

मग ४:१३ कडे या. 'मी सर्व काही करायला शक्तिमान आहे' हे वचन परीक्षेच्या आदल्या दिवशी हमखास पाठवले जाते. त्याच्या आधीची दोन वचने पाहा. तिथे भुकेची आणि तृप्तीची, विपुलतेची आणि टंचाईची गोष्ट चालली आहे. दोन्हींत समाधानी राहण्याचे सामर्थ्य, एवढाच त्याचा अर्थ. नापास झालेल्याला ते वचन जास्त लागू पडते. यिर्मया २९:११ चेही तसेच. ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना लिहिलेल्या पत्रातले आहे आणि दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. ते पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण परत जाण्याआधीच मरणार होते.

म्हणून एक नियम पाळा: कुठलेही वचन स्वतःला किंवा दुसऱ्याला लावण्याआधी त्याच्या मागची दहा आणि पुढची दहा वचने वाचायची. कोण बोलतो आहे, कोणाशी आणि कधी, ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय ते वापरायचे नाही.

मनन ओठांनी करा

स्तोत्र १:२ मध्ये 'रात्रंदिवस मनन' असे आहे. तिथल्या इब्री क्रियापदाचा अर्थ पुटपुटणे असा आहे. यशया ३१:४ मध्ये तेच क्रियापद भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आले आहे. तेव्हा डोळे मिटून गप्प बसण्यापेक्षा ओठ हलवत वचन घोळवणे हे मननाच्या जास्त जवळ जाते.

पाठांतरासाठी स्तोत्र ११९ घ्यावे. ते १७६ वचनांचे आहे, हे ऐकून दचकू नका. इब्री वर्णमालेच्या २२ अक्षरांची २२ कडवी, प्रत्येक कडव्यात आठ वचने आणि त्या आठही वचनांची सुरुवात एकाच अक्षराने. भाषांतरात अक्षरांचा क्रम हरवतो, पण आठ-आठचे गट टिकतात. रोज एक वचन घ्या, त्याआधीची सगळी म्हणून मगच नवे. नवव्या दिवशी पूर्ण कडवे न पाहता लिहून काढा. पुढचा महिनाभर आठवड्यातून एकदा उजळणी. फसते ते बहुधा उत्साहामुळे: रोज तीन-तीन नवी वचने घेतली की उजळणीला वेळ उरत नाही आणि आधीची गळू लागतात.

ऐकलेले तपासा

बिरुया या गावच्या लोकांनी प्रत्यक्ष पौलाचे ऐकले आणि तरीही हे असेच आहे का, म्हणून ते रोज शास्त्रलेख तपासत राहिले (प्रेषितांची कृत्ये १७:११). त्याबद्दल त्यांचे कौतुकच झाले आहे. रविवारच्या उपदेशाचे तेवढेच करा: मुख्य मुद्दा एका वाक्यात, आधार दिलेला उतारा, आणि तो उतारा खरेच तसे म्हणतो का. शंका उरली तर पाळकांना एकच प्रश्न विचारा, तोही एक-दोन दिवस जाऊ देऊन. उपासना संपताच चुकांची यादी घेऊन दारात उभे राहणे म्हणजे तपासणे नव्हे.

वादाच्या विषयात नीतिसूत्रे १८:१७ कामाला येते: पहिला बोलतो तो खरा वाटतो, दुसरा येऊन उलटतपासणी करीपर्यंत. विरुद्ध बाजू पाच ओळींत अशी लिहा की त्या बाजूचा माणूस म्हणेल, 'हो, माझे म्हणणे हेच आहे.' ते जमेपर्यंत उत्तर लिहू नये.

फिलिप्पै ४:८ च्या यादीत पहिला शब्द 'सत्य' आहे. नाव, ठिकाण, तारीख नसलेली चमत्काराची साक्ष पुढे पाठवण्याआधी तो आठवावा. हेतू भक्तीचा असला तरी खोटी साक्ष ती खोटीच.

शंका आली तर

ती एका ओळीत लिहा आणि तिची जात ओळखा. माहितीची शंका असेल तर वाचून, जाणत्याला विचारून सुटते. दुःखातून आलेल्या शंकेवर पुस्तकी युक्तिवाद चालत नाही. तिथे विलापाची स्तोत्रे आणि सोबतीला माणूस हवा. तिसरी जात अवघड: आज्ञा कळलेली असते, पाळायची नसते आणि म्हणून प्रश्न सुचतात. ती स्वतःच्या वहीत ओळखायला प्रामाणिकपणा लागतो.

बरोबर उत्तरही पुरत नाही

'ज्ञान फुगवते' हे १ करिंथ ८:१ मध्ये ज्यांना उद्देशून आहे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मूर्ती काहीच नाही, म्हणून तिला वाहिलेले अन्न खाल्ले तरी बिघडत नाही, हे पौलालाही मान्य आहे. चूक होती ती त्या ज्ञानाने विश्वासात दुर्बळ असलेल्या भावाला ठोकर लावण्यात. महिन्यातून एकदा घरच्या माणसाला विचारा: माझ्याशी बोलणे सोपे झाले की अवघड? उत्तर ऐकून समर्थन करू नका.

बुद्धीचे काम फक्त बायबल उघडल्यावर होते असेही नाही. निर्गम ३१ मध्ये देवाच्या आत्म्याने बसालेल नावाच्या कारागिराला सोने, रुपे, पितळ, पाषाण आणि लाकूड यांच्या कारागिरीसाठी भरले. हिशेबाची बेरीज दुसऱ्यांदा तपासणे त्याच खात्यात जाते.

मन थकले असेल तर

१ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही: झोप, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा जेवण. 'तू येथे काय करतोस?' हा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगराला पोहोचल्यावर येतो. तेव्हा एकच ओळ तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नसेल तर बायबल मिटून झोपा. आणि झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरकडेही जा, शक्यतो कोणाला तरी बरोबर घेऊन.