प्रदर्शनातून आपलीच कोंबडी घरी कशी न्यावी

कोंबड्यांच्या प्रदर्शनात चोरी कधी होते, असं विचारलं की जो तो 'रात्री' म्हणतो. मग सगळा पैसा राखणदार आणि कॅमेऱ्यांवर जातो. रात्री चोरी होतेच. पण माझ्या पाहण्यात जास्त पक्षी जातात ते बक्षीस वाटप उरकल्यानंतरच्या तासाभरात. पाहुण्यांच्या गाड्या निघतात, मंडपवाला दोर सोडायला लागतो, टेम्पो मागे घेतले जातात आणि ज्याच्या त्याच्या हातात डालगं. अशा गर्दीत कोण कोणाचा असील (झुंजीच्या जातीचा कोंबडा) नेतोय, हे विचारायची कुणाची टाप नसते. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतलं मोठं प्रदर्शन असो की तालुक्याच्या गावातलं एका दिवसाचं, गोष्ट तीच.

आधी खूण

पायात प्लास्टिकची रंगीत गुंडाळी घालून 'खूण केली' म्हणणारे पुष्कळ भेटतात. ती नखाने निघते. तिला खूण म्हणू नका. पिल्लाचा पंजा बारका असताना चढवलेली, नंबर कोरलेली बंद रिंग हीच खरी; पाय वाढला की ती कापल्याशिवाय निघत नाही. वय टळून गेलं असेल तर पंखाच्या पुढच्या पातळ पडद्यात नंबरचा धातूचा बिल्ला डॉक्टरांकडून टोचून घ्या. पिसांखाली तो झाकलेला राहतो, चोराच्या चटकन लक्षात येत नाही.

सोबत फोटो हवेत: डोक्याच्या दोन्ही बाजू, तुरा आणि दोन्ही पाय, जवळून आणि उजेडात. कडकनाथवाल्यांनी हे मनावर घ्यावं. चोच काळी, तुरा काळा, पाय काळे. 'माझा काळा होता' एवढ्यावर कुणी पक्षी परत देत नाही. तुऱ्याचे दाते आणि पायावरच्या काट्याचा आकार मात्र पक्ष्यागणिक वेगळा असतो.

नोंदीच्या कागदावर किंमत लिहा

हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि पुढे पोलीस ठाण्यात पस्तावतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 303 मधली साधी चोरी 5,000 रुपयांच्या आतल्या मालाची असेल, तर गुन्हा अदखलपात्र ठरतो. म्हणजे एनसीचा (अदखलपात्र नोंदीचा) कागद मिळतो, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासाला लागत नाहीत. गावरान कोंबडीचा भाव सांगितला की प्रकरण तिथेच थांबतं. जातिवंत नराची किंमत खरोखर त्याहून जास्त असेल तर ती नोंदीच्या कागदावर चढवा आणि खरेदीची पावती किंवा आधीच्या विक्रीचा व्यवहार जपून ठेवा. फुगवून लिहू नका, कारण पुरावा मागितला जातो.

पिंजरे

कनातीला टेकवू नका. कनात खालून उचलली की बाहेरचा हात सरळ पिंजऱ्यात. प्रेक्षक आणि पिंजरा यांच्यात, पिंजऱ्यापासून हातभर अंतर सोडून, दोरी बांधा. दारांना कुलपं लावू नका; किल्ली हरवते, आणि मंडपात आग लागली तर पक्षी आतच मरतो. नंबर असलेलं, कापल्याशिवाय न निघणारं प्लास्टिकचं सील लावा आणि तो नंबर नोंदीत लिहा.

रात्र

कोंबडीला अंधारात दिसत नाही. उचललं, शालीखाली घेतलं की ती गप्प बसते. आरडाओरडा होईल आणि जाग येईल, या भरवशावर झोपू नका. पिंजऱ्यांवर झोत नको, पण वाटेवर मंद दिवा सकाळपर्यंत हवा. राखण दोघांची आणि पाळीने; त्यातला एक तरी पक्षीवाला असावा. यात्रेत तमाशाच्या फडावर ढोलकी वाजली की भाड्याचा राखणदार मंडपात सापडत नाही. कॅमेरे लावायचे तर लावा. चोरी कशी झाली ते दुसऱ्या दिवशी बघता येतं, एवढाच त्यांचा उपयोग.

प्रदर्शन उठताना

या पायरीने मला सगळ्यात जास्त छळलं आहे. कारण इथे चोराइतकाच त्रास प्रामाणिक माणसांचा होतो. सगळे थकलेले असतात. कुणाला लोह्याहून शेवटची एसटी गाठायची असते, कुणाचा टेम्पोवाला खोळंबलेला असतो. त्यातच एखादा मोठा माणूस 'सोडा हो, ओळखीचे आहेत' म्हणतो. ओळखीच्याला एकदा सोडलं की मागे रांग लावून धरणं अशक्य होतं.

म्हणून नियम प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सांगायचे, शेवटी नाही. बाहेर पडायला एकच फाटक. बाकीच्या वाटा बक्षीस वाटप सुरू व्हायच्या आधीच बांबू आडवे टाकून बंद. मंडपवाल्याला बजावून ठेवा की शेवटचा पिंजरा रिकामा झाल्याशिवाय एकही दोर सुटणार नाही. त्याला दुसऱ्या गावी जायचं असतं, तो घाई करणारच. त्याच्या पैशांतला थोडा हिस्सा तोवर हातात ठेवा.

पक्षी रांगेने सोडायचे. एका रांगेचं नाव पुकारलं की त्याच रांगेतल्या मालकांनी आत यायचं, बाकीच्यांनी दोरीबाहेर थांबायचं. सील मालकासमोर कार्यकर्त्याने कापायचं, मालकाने स्वतः नाही. सील आधीच तुटलेलं दिसलं तर तिथेच फाटक बंद करा आणि मग बोला.

फाटकावर काय तपासायचं, इथे बहुतेक ठिकाणी घोळ होतो. नाव विचारतात. नाव कुणीही सांगतो. चोराने तर पिंजऱ्यावरची चिठ्ठी वाचलेलीच असते. नाव विचारूच नका. नोंदणीच्या वेळी दिलेल्या पावतीचा अर्धा भाग मालकाकडे आणि अर्धा तुमच्याकडे. दोन्हीवर रिंगचा किंवा बिल्ल्याचा नंबर. डालगं उघडायला लावा, पाय नाहीतर पंख बाहेर काढून नंबर मोठ्याने वाचा, दुसऱ्याने तो कागदाशी जुळवावा. वाचणारा आणि जुळवणारा एकच माणूस नको. पोतं, पिशवी, खोकं, शालीखालची बगल, सगळं उघडायचं. 'मामा, पावती दाखवा' हे अध्यक्षांच्या मेव्हण्यालाही म्हणता येईल असा माणूस फाटकावर बसवा. माझ्या मते या कामाला परगावचा माणूस बरा, कारण त्याला कुणाची भीड नसते.

पावती हरवलेला एखादा निघतोच. त्याला बाजूला बसवा, सगळ्यांत शेवटी फोटोवरून पक्षी ओळखून द्या आणि सही घ्या. तो चिडेल, चिडू द्या.

आणखी एक. वर्ग जिंकलेल्या पक्ष्याचा फोटो गावाच्या नावासकट लगेच ग्रुपवर टाकायची हौस आवरा. झुंजीवर प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1960 च्या कायद्याने बंदी असली, तरी असीलला चोरट्या मार्गाने गिऱ्हाईक आहे. तुम्ही त्यांना पत्ता आयता देत असता.

तरीही गेलाच तर

आधी फाटक बंद, मग 112 ला फोन, मग शोध. दोन माणसं ताबडतोब जवळच्या चिकनच्या दुकानांकडे धाडा; साधा चोर दीडशे रुपयांतही विकून मोकळा होतो. तिसऱ्याने येणाऱ्या आठवडी बाजारांची नावं काढावीत आणि फोटो, रिंग नंबर ओळखीच्या कोंबडीवाल्यांना पाठवावा. लेखी तक्रार त्याच दिवशी द्या, नोंदीच्या कागदाची प्रत जोडून.

पक्षी परत मिळाला तर आनंदाच्या भरात खुराड्यात सोडू नका. मधल्या काळात तो कुठल्या कोंबड्यांत होता, ठाऊक नसतं. परभणी तालुक्यातल्या मुरुंब्याला जानेवारी 2021 मध्ये बर्ड फ्लू आला, तेव्हा परिसरातल्या निरोगी दिसणाऱ्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. किमान तीन आठवडे त्याला वेगळा ठेवा, दाणापाणी सगळ्यांत शेवटी त्याला, आणि मरगळ किंवा नाकातून पाणी दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.