रोलबॅक केलं, तरी टेबल रिकामं

पायथनमधून एसक्यूएलची फाइल चालवायची म्हटल्यावर मी आधी अख्खी फाइल वाचून सरळ एक्झिक्यूट या फंक्शनला दिली. एसक्यूलाइटने (एकाच फाइलीत मावणारा डेटाबेस) लगेच सुनावलं: एका वेळी एकच स्टेटमेंट. अशा वेळी सेमीकोलनवर तुकडे करायचा सल्ला कुणीतरी देतंच. तो ऐकू नका. पत्त्यात एखादा सेमीकोलन निघाला किंवा फाइलीत ट्रिगर (टेबल बदललं की आपोआप चालणारा कोड, ज्याच्या आतही सेमीकोलन असतात) असला, की तुकडे भलतीकडेच पडतात.

मग अख्खी फाइल एकदम चालवणारं एक्झिक्यूटस्क्रिप्ट सापडलं आणि मी निर्धास्त झालो. तिथेच फसलो.

माझ्या फाइलीत दोनच कामं होती: दरांचं जुनं टेबल रिकामं करायचं आणि नवे दर भरायचे. एरर पकडायला ट्राय-एक्सेप्ट लावलं, एक्सेप्टमध्ये रोलबॅक, म्हणजे पक्के न झालेले बदल मागे घेणं. इन्सर्टमध्ये एक स्वल्पविराम जास्तीचा पडला, एरर आली, रोलबॅक झालं. टेबल उघडून पाहतो तर शून्य ओळी! सीनियरला विचारलं, तर स्क्रीनकडे न बघताच म्हणाला, "कमिट राहिलं असेल." (एरर न वाचता उत्तर देणाऱ्या गुरूपेक्षा डॉक्युमेंटेशन बरं.) खरं तर उलटंच झालं होतं. एक्झिक्यूटस्क्रिप्ट आधी चालू असलेलं ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा रद्द होणारे बदल) स्वतःच कमिट, म्हणजे पक्कं, करून टाकतं आणि नवं सुरू करत नाही. त्यामुळे प्रत्येक स्टेटमेंट चाललं की तिथल्या तिथे पक्कं. माझं डिलीट कधीच पक्कं झालं होतं. रोलबॅकला मागे घ्यायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ते बिचारं गप्प बसलं. ट्राय-एक्सेप्टऐवजी कनेक्शनवर पायथनचं विथ वापरलं असतं (ते एरर आली की आपणहून रोलबॅक करतं), तरी हेच झालं असतं.

सकाळी डेटाबेसच्या फाइलची कॉपी काढली होती, म्हणून वाचलो.

उपाय सोपा आहे, घाबरू नका. फाइलीच्या सुरुवातीला बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू), शेवटी कमिट लिहा, आणि एक्सेप्टमधलं रोलबॅक तसंच ठेवा. आता ते खरंच काम करतं. पायथन 3.12 पासून कनेक्शनला ऑटोकमिट फॉल्स देता येतं. मग ही लपलेली कमिट होत नाही, पण फाइलीतलं बिगिन काढावं लागतं आणि कमिट आपल्यालाच करावं लागतं. डीफॉल्ट मात्र अजून जुनंच आहे.

फाइल दुसऱ्या डेटाबेसची असेल तर लक्षात ठेवा: मायएसक्यूएलचं डिलिमिटर आणि पोस्टग्रेसच्या बॅकस्लॅशवाल्या ओळी त्या-त्या क्लायंटच्या असतात. सर्व्हरला त्या कळत नाहीत. मराठी मजकूर असेल तर फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-8 द्याच, विंडोजवर तर नक्कीच.

आणि खऱ्या डेटाला हात लावण्याआधी कॉपीवर एकदा मुद्दाम बिघडवून बघा. कमिटच्या आधी एक चुकीची ओळ घाला, फाइल चालवा आणि ओळी मोजा. आकडा आधीचाच आला, तरच पुढे जा.