मराठी ब्लॉगची मांडणी: डिझाइन न शिकलेल्यांसाठी

स्वतःचा ब्लॉग सुरू करणारे बहुतेक जण सर्वांत आधी थीम, म्हणजे पानांचा तयार साचा, शोधू लागतात आणि त्यातच त्यांचा उत्साह खर्ची पडतो. थीमच्या नमुना पानावर दोन-तीन शब्दांची इंग्रजी शीर्षके आणि सराईत छायाचित्रकाराने काढलेली छायाचित्रे असतात. आपल्याकडे मात्र लांबलचक मराठी परिच्छेद आणि मोबाइलवर टिपलेले फोटो असतात. म्हणून एखादी साधी, एका स्तंभाची थीम घ्यावी, तीत स्वतःचा एक दीर्घ लेख, एक फोटोंचा लेख आणि दोन ओळींत मोडेल असे एक शीर्षक टाकावे आणि पुढचा प्रत्येक बदल या मजकुरावरच पारखावा. ब्लॉग प्रामुख्याने वाचण्यासाठी असेल, तर त्याचे डिझाइन म्हणजे मुख्यतः अक्षरांची मांडणी असते आणि ती शिकण्यासाठी कलाशाळेत जावे लागत नाही.

पहिला निर्णय फॉन्टचा. परदेशी थीममधल्या फॉन्टात बहुधा केवळ रोमन अक्षरे असतात. देवनागरी मजकूर आला की ब्राउझर वाचकाच्या उपकरणातला फॉन्ट उचलतो, म्हणजे विंडोजवर निर्मला यूआय, आयफोनवर कोहिनूर देवनागरी आणि अँड्रॉइडवर नोटो. हे तिन्ही फॉन्ट चांगले आहेत, परंतु मग आपले पान प्रत्येकाकडे वेगळे दिसते आणि मधेच आलेला रोमन शब्द शेजारच्या मराठी शब्दाहून लहान किंवा मोठा भासतो. गुगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळणाऱ्यांपैकी मुंबईच्या एक टाइपने घडवलेला मुक्ता हा फॉन्ट लेखाच्या मजकुराला निर्धोक आहे, आणि ललित लेखन असेल तर तिरो देवनागरी मराठी अधिक शोभतो. तिरोमध्ये ठळक वजन, म्हणजे अक्षरांची जाड आवृत्ती, नाही, त्यामुळे शीर्षके ठळक केल्यास ब्राउझर अक्षरे कृत्रिमरीत्या जाड करतो आणि जोडाक्षरांतल्या फटी बुजतात. तिथे शीर्षक ठळक न करता केवळ मोठे करावे. देवनागरी फॉन्टात जोडाक्षरांचे आकार पुष्कळ असल्याने त्याची फाइल जड असते, म्हणून एकाच फॉन्टची दोन वजने पुरेशी मानावीत. वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या प्रणालीच्या 6.5 या आवृत्तीपासून, म्हणजे 2024 पासून, ब्लॉक थीममध्ये (ज्यांचा प्रत्येक भाग संपादकातूनच बदलता येतो अशा थीममध्ये) फॉन्ट लायब्ररी आहे आणि तिथून हे काम कोड न लिहिता होते.

याच वेळी सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी आहे का, हे पाहावे. ही बाब किरकोळ वाटली तरी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श यांची सोय असलेले कित्येक फॉन्ट पानाची भाषा मराठी असल्याचे कळल्यावरच हे आकार दाखवतात; अन्यथा हिंदी वळणाची अक्षरे उमटतात आणि काहीतरी खटकते, पण काय ते वाचकाला सांगता येत नाही.

यापुढची तीन मापे एकमेकांशी बांधलेली आहेत. मजकुराचा आकार 18 पिक्सेल, दोन ओळींमधले अंतर त्याच्या 1.7 पट आणि मजकुराच्या स्तंभाची रुंदी सुमारे 680 पिक्सेल ठेवली, तर एका ओळीत साधारण दहा ते बारा शब्द मावतात आणि नजर पुढच्या ओळीच्या आरंभाकडे न चुकता परतते. बहुतेक थीममध्ये ओळींचे अंतर 1.5 पट असते. रोमनला ते पुरते, पण देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, अनुस्वार व वेलांट्या एकमेकांना भिडू लागतात. शीर्षकांना अंतर कमी चालते, तरीही 1.3 पटीच्या खाली उतरू नये. थीममध्ये या मापांची सोय नसेल, तर वर्डप्रेस आणि गुगलचे ब्लॉगर या दोन्हींत स्वतःचे सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचना, घालण्याची जागा असते आणि तिथे चार-पाच ओळींत हे काम भागते.

इंग्रजीतल्या काही सवयी मात्र देवनागरीला सरळसरळ मारक आहेत. अक्षरांमधले अंतर वाढवणारी सोय शीर्षकांवर लावली की शिरोरेषा तुटते. थीमने ती आधीच लावलेली असते, ती शोधून शून्य करावी. तिरपी अक्षरेही टाळावीत, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टांत ती मुळात नसतात आणि ब्राउझर सरळ अक्षरेच कलती करून दाखवतो. उद्धृत वेगळे काढण्यासाठी थोडा समास सोडणे पुरते. दोन्ही कडा जुळवलेला मजकूर छापील पुस्तकासारखा दिसेल या आशेने अनेक जण तो पर्याय निवडतात, परंतु विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून आपले शब्द लांब होतात, ब्राउझर ते सहसा तोडत नाही आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये भगदाडे पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी, हीच मांडणी बरी.

रंगांबाबत फार विचार करू नये. पांढरट पार्श्वभूमी, जवळजवळ काळा मजकूर आणि दुव्यांसाठी एक रंग एवढ्यावर भागते. तो रंग ऑनलाइन मिळणाऱ्या कोणत्याही काँट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणातला फरक) तपासनिसात घालून पार्श्वभूमीशी त्याचे गुणोत्तर किमान 4.5 ला 1 येते का, ते पाहावे. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांत सामान्य मजकुरासाठी हीच मर्यादा दिलेली आहे. हलक्या करड्या रंगातला मजकूर या कसोटीला बहुधा उतरत नाही, तरीही तो इतक्या थीममध्ये का असतो, हे कोडेच आहे.

बाजूचा स्तंभ काढून टाकावा. भेटींचा आकडा, महिन्यांची यादी आणि शब्दांचा ढग यांपैकी वाचकाला क्वचितच काही लागते. शोधाची चौकट आणि निवडक लेखांची सूची पानाच्या तळाशी ठेवता येते. लेखाची तारीख मात्र शीर्षकाखाली ठळक दिसू द्यावी. फोटो स्तंभाच्या रुंदीचेच ठेवावेत आणि चढवण्यापूर्वी 1200 ते 1400 पिक्सेल रुंदीचे करून घ्यावेत.

अखेरची तपासणी संगणकावर न करता घरातल्या सर्वांत जुन्या मोबाइलवर, वाय-फाय बंद ठेवून आणि उन्हात उभे राहून करावी. आडवे सरकवावे लागत असेल, तर एखादा फोटो किंवा तक्ता पडद्याबाहेर गेलेला असतो. शीर्षकातल्या वेलांट्यांचे किंवा रफारांचे शेंडे कापले जात असतील, तर त्या चौकटीची ठरावीक उंची काढून ती मजकुरानुसार वाढू द्यावी.