सर्फबोर्डचा तळ घासायचा कसा, तेही घरच्या गच्चीवर

आमच्या ग्रुपमधल्या एकाने बोर्डच्या तळाला चक्क भिंतीचं टेक्स्चर मारलं, हॉलमध्ये मारतात ना ते रस्टिकवालं, का तर शार्कची कातडी खरखरीत असते आणि तरी तो सुळकन जातो. पवना धरणावर नेला तर बोर्ड हलायलाच तयार नाही, बिचारा वल्हं मारून मारून घामाघूम.

शार्कचं खोटं नाहीये पण. त्याच्या खवल्यांवर पाणी वाहतं त्याच दिशेने बारीक कंगोरे असतात, त्यांनी कातडीलगतच्या पाण्याची आडवी घुसळण कमी होते आणि घर्षण काही टक्के उतरतं. १९८७ चा अमेरिकाज कप जिंकलेल्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ होडीला अशीच कंगोऱ्यांची फिल्म चिकटवली होती. फक्त सेकंदाला ३ मीटरच्या आसपास वेग धरला तर दोन कंगोऱ्यांत जेमतेम ०.१ मिमी अंतर लागतं, तेही सगळे समांतर, ते ब्रशने कुठून येणार! वेडावाकडा खरखरीतपणा उलट पाणी धरून ठेवतो.

मग आपल्या हातात काय, तर तळ एकसारखा करणं.

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत जा, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद, नंबर मोठा तितका बारीक) आणि एक रबरी ब्लॉक घ्या, गाडीचे डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात तोच. फिन, म्हणजे तळाचा पंखा, काढून ठेवा, तळ साबणाने धुवा. खड्डे असतील तर आधी भरा, आणि आत थर्माकोल असेल तर फक्त इपॉक्सीनेच, पॉलिस्टर रेझिनने थर्माकोल विरघळतो.

आता पेन्सिलने तळभर आडव्या-उभ्या रेषा मारा. पेपर पाण्यात बुडवून ब्लॉकला गुंडाळा आणि ३२० ने हलक्या हाताने घासा. जिथल्या रेषा आधी पुसल्या तिथे उंचवटा, जिथे राहिल्या तिथे खोलगट, इतकं सरळ आहे. राहिलेली रेष घालवायला एकाच जागी बोटाने घासत बसू नका, तिथे खड्डा पडतो, त्यापेक्षा पातळ इपॉक्सीचा हात द्या आणि वाळल्यावर परत घासा. दुधासारखं पांढरं पाणी निघतं ते पुसत राहा, कारण त्याखाली काचेच्या कापडाची, म्हणजे फायबरग्लासची, वीण दिसायला लागली की लगेच थांबायचं. (ते पाणी पार्किंगमध्ये सोडू नका, चेअरमन वर येतात.) सुकं घासू नका, ती धूळ छातीत जाते.

मग ४००, मग ६००, आणि हे शेवटचे हात नाकापासून शेपटीकडे लांबच लांब. शेपटीजवळची कडा धारदार असते ती गोल करू नका, पाणी तिथूनच सुटतं. ६०० च्या पुढे आरसा करायची गरज नाही, या वेगाला ०.०४ मिमीच्या आतले ओरखडे पाण्याला जाणवतच नाहीत. वरून कार पॉलिश मारणारेही भेटतील, पाण्याचे थेंब मस्त घरंगळतात, वेग तेवढाच राहतो.

फरक बघायचा तर लाइफ जॅकेट घालून दोन खुणांमध्ये जाऊन-येऊन वेळ लावा, एकाच बाजूने लावलात तर वाऱ्याचं श्रेय पेपरला द्याल. आणि एप्रिलमध्ये बोर्ड बंद गाडीत ठेवून मिसळ खायला बसू नका, आतली हवा फुगून तळाला फोड येतात, की परत बोहरी आळी.