संशोधन जहाजावर विद्यार्थी पाठवताना: कोकणातल्या महाविद्यालयांसाठी तयारीची यादी

पदवीच्या विद्यार्थ्याला ‘सिंधू साधना’ या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या जहाजासारख्या संशोधन जहाजावर जागा मिळाली, तरी ती हातची जाते बहुधा पैसे आणि कागदांपायी, जहाज सुटायच्या कितीतरी आधी. म्हणून यादीत पहिली येते उचल. कुडाळ किंवा रत्नागिरीहून मडगाव, पुढे वास्को, बंदराजवळचा मुक्काम, बूट, औषधं, हे सगळं ‘आधी करा, मग बिलं लावा’ म्हटलं की बागेत मजुरी करणाऱ्याची मुलगी काही न बोलता नाव मागे घेते. रक्कम आधी हातात द्या, आणि दोन-चार दिवस जास्तीचे धरा. विंच (उपकरणं समुद्रात सोडायची-ओढायची दोरी गुंडाळणारं यंत्र) बिघडते, आधीची फेरी लांबते, तारीख सरकतेच. त्याच कारणाने परीक्षा बुडाल्यास काय, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या.

आधार, कॉलेजचं ओळखपत्र आणि वैद्यकीय दाखला या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. नाहीतर बंदराच्या गेटवर पास अडतो. मुलींच्या घरी शक्यतो जाऊन बोला: केबिन कुणाबरोबर, निरोप कुणाकडे द्यायचा, आणि किनारा सुटल्यावर मोबाइलला रेंज नसते म्हणजे घाबरायचं नाही.

पोलादी टोकाचे सेफ्टी बूट लहान मापात इथल्या दुकानांत सहसा मिळत नाहीत. महिनाभर आधी मागवा आणि पायात रुळवा. चाकाच्या कडक बॅगेला केबिनमध्ये जागा नसते, कापडी पिशवी बरी. चष्म्याला दोरी हवी. डेकवर ओढणी, कडं, अंगठी, मोकळे केस नकोत. विंचचा ड्रम यातलं काहीही ओढून घेतो. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून एकदा जमिनीवरच घेऊन बघा. काहींना इतकी झोप येते की डेकवर उभं करणं धोक्याचं.

खरी तयारी मात्र खाडीत होते. बाणकोट, जयगड, विजयदुर्ग, जी जवळची असेल तिथे होडी, लाइफ जॅकेटं आणि लहान व्हॅन व्हीन ग्रॅब (तळाचा गाळ जबड्यात पकडून आणणारं उपकरण) घेऊन जा. अष्टमीच्या आसपासचा दिवस निवडा. भांगाचं पाणी असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान आणि ओढ कमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळ कळते: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास पाणी थांबलेलं मिळतं. ओढीत दोरी तिरकी जाते, ग्रॅब आडवा पडतो आणि रिकामा येतो. वर आल्यावर आधी जबडा बघायला शिकवा. शिंपला अडकून फट राहिली असेल, तर बारीक गाळ वाटेतच धुऊन गेलेला असतो. असा नमुना टाकून पुन्हा घ्यावा. ‘थोडा तरी आलाय’ म्हणून ठेवलेला नमुना पुढे कणांच्या आकाराचं सगळं विश्लेषण खोटं पाडतो. चिठ्ठी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने लिहा. एक पिशवीच्या आत, एक बाहेर.

गाभ्याचा, म्हणजे तळात नळी रोवून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्याचा, सराव पीव्हीसी पाइपने चिखलात करा. पाइप चिखलात रोवण्याआधीच वरच्या दिशेचा बाण आणि दोन्ही टोकांना सेंटिमीटरचे आकडे घाला. टोपणं उलटसुलट बसली की वर-खाली ओळखायला पुरावा उरत नाही, आणि थरांचा कालक्रमच उलटतो.

नोंदीतल्या दोन चुका हमखास होतात. १६ अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात १६.५०. अक्षांशात ते १६.३० लिहिलं की स्थानक, म्हणजे नमुना घेतल्याची जागा, १२ सागरी मैल सरकलं. दुसरी वेळेची: उपकरणं बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. १५ तारखेच्या पहाटे दोनची नोंद तिथे १४ तारखेला २०:३० अशी पडते. दोन्ही रकाने वहीत आधीच आखून ठेवा.

लाइफबोटीचा भोंगा, सात छोटे आणि एक लांब, सर्वांना तोंडपाठ हवा.

जागा न मिळालेल्यांना घरी पाठवू नका. आयओडीपी या समुद्रतळ खोदून अभ्यासणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१५च्या मोहीम ३५५ने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात काढलेल्या गाभ्यांची वर्णनं आणि छायाचित्रं खुली आहेत. यू१४५६ या एका स्थानकाचा गाभा-लॉग (गाभ्यातल्या थरांची नोंद) दोघा-दोघांना वाटून द्या, म्हणजे जहाजावरून परतलेल्यांशी त्यांना बरोबरीने बोलता येईल.